सरांचं ‘चालु’ आणि आमचं ‘चालू’

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको. राग आला की मी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी गप्प बसते, आणि समोरच्याचं नुकसान होताना बघत राहते.

तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथपासून बसनं पाऊण तास आत गेलं की आमचं हायस्कूल लागतं. मी तिथं मराठी शिकवते. शाळेत मराठीची बाई मी एकटीच. आजूबाजूच्या चार-पाच गावांत मराठी शाळा आठवीपर्यंतच आहेत. तिथली मुलं नववीला आमच्याकडं येतात आणि पहिल्याच आठवड्यात गांगरून जातात. पुस्तकं इंग्रजी, शिकवणारे तेलुगूत बोलणारे, मधल्या सुट्टीतली भांडणं हिंदीत. मराठी उरते ती माझ्या एका तासापुरती. त्या तासाला मुलं इतकी बडबडतात की धडा बाजूलाच राहतो. मी आधी ओरडते, मग मीही त्यांच्यात बोलत बसते.

त्या वर्षी नववीची वर्गशिक्षिका मीच होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक माणूस मुलीला घेऊन आला. धुतलेला पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, हातात आठवीचा निकाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. आमच्याच समाजातला. आमच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून आयुष्य काढलं, हा माणूस अजूनही राबतोय. मी एकदा त्यांच्या गावच्या विहारात मुलींच्या शिक्षणावर बोलले होते. ते त्यानं ऐकलं होतं आणि मला मात्र त्याचा चेहरा आठवत नव्हता.

“मॅडम, तुमी हायत म्हनून आनून राह्यलो,” तो म्हणाला. “हिची माय नाई म्हनते. मोठीचं लगन सोळाव्या वर्षी लावलं, हिचंबी लावू म्हनते. पन मी म्हनलं, मॅडमवानी झाली तं काय बिघडलं? तुमच्या भरोशावर सोडून राह्यलो.”

मुलगी बापाच्या मागं उभी नव्हती, शेजारी उभी होती. उंच, सडपातळ, दोन वेण्या. मी तिला टेबलावरचं मराठी पुस्तक दिलं आणि म्हटलं, वाच. तिनं असं वाचलं की बाहेरून जाणारा शिपाई थांबला. स्वच्छ, मोठ्या आवाजात, कुठं थांबायचं ते कळून. गावच्या शाळेत रोज प्रार्थनेनंतर पेपर वाचायचं काम तिचंच होतं म्हणे. वाचून झाल्यावर तिनं बापाकडं पाहिलं आणि बापानं माझ्याकडं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच महिन्यात गणिताचे नवे सर आले. पहिलीच नोकरी, वय सत्तावीस-अठ्ठावीस, करीमनगरच्या बाजूचे. मराठीचा गंध नाही. आदिलाबादला खोली घेऊन राहायचे, पहाटेची बस धरून यायचे. कामाला चोख माणूस. पण आल्या आल्या स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, “मॅडम, आप लोग महाराष्ट्र से इधर कब आए?” त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. चहा पिता पिता विचारलं, एवढंच. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही कुठून कशाला येऊ? माझा आजा इथंच जन्मला, इथंच राबला, इथल्याच मातीत गेला. सरहद्दी सरकल्या असतील, आम्ही जागचे हललो नाही. हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “पता नहीं सर,” आणि कप धुवायला उठले. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी एक अढी बसली.

जुलैमध्ये एक दिवस मराठीच्या तासाला वर्गात गेले तर ती मुलगी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. आधीचा तास गणिताचा होता. आत ये म्हटलं तर येईना.

“काय केलंस?”

“मालूम नाई.”

“मालूम नाई म्हंजे? उगीच उभं केलं काय?”

मग तिनं सांगितलं. सरांनी तिला गणिताच्या पुस्तकातली धड्याची सुरुवात वाचायला लावली होती. इंग्रजी तिला जेमतेम जुळवता येतं, पण वाचायला सांगितलं याचाच तिला आनंद. ती उभी राहिली आणि मोठ्यानं वाचू लागली. एक परिच्छेद झाला तसे सर म्हणाले, “चालु.” तिला वाटलं, चालू ठेव म्हणतात. तिनं पुढं वाचलं. सर पुन्हा म्हणाले, “चालु, चालु.” तिला वाटलं, आपलं वाचन आवडलं. तिनं आवाज वाढवला. तिसऱ्यांदा सर जोरात म्हणाले तेव्हा ती पान उलटून पुढचं वाचत होती. तेलुगू घरांतली मुलं हसायला लागली. सरांना वाटलं, ही पोरगी आपली टिंगल करतेय. त्यांनी पुस्तक काढून घेतलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. बास. थांब. इथं राहणाऱ्या मोठ्या माणसांना हे माहीत असतं, बाजारात तोलणारा म्हणतो तेव्हा आपोआप कळतं. पण आत खेड्यात वाढलेल्या पोरीला कुठून कळणार? मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. वर्गातल्या मराठी मुलांनाही सांगितलं, “अरे, त्यांच्याकडं चालु म्हंजे थांबा, आन् आपल्याकडं चालू म्हंजे होऊ द्या.” सगळे हसले. तीही हसली, पण लवकर थांबली.

“मंग सरले सांगा ना, मॅडम,” ती म्हणाली. “म्या मुद्दाम नाई केलं म्हना.”

“सांगते.”

खरंच सांगणार होते. एका मिनिटाचं काम होतं. दुपारी डबे उघडले तेव्हा सर माझ्या समोरच बसले होते. मी तोंड उघडणार तोच ते दुसऱ्या सरांना म्हणाले, “वो उधर के बच्चे बहुत बदमाश हैं. सुनते ही नहीं. घर में किसी ने सिखाया ही नहीं.” आणि मग माझ्याकडं वळून, जरा ओशाळून, “सॉरी मॅडम, आपको नहीं बोला.” मी भाकरीचा तुकडा मोडला. मनात म्हटलं, बरं बेटा. उधरके काय? मग शीक तूच आमची भाषा. तुला कळेल तेव्हा कळेल.

त्या आठवड्यात मुलीनं मला आणखी दोनदा विचारलं. एकदा म्हटलं, आज घाईत आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, “हो गं, बोलते म्हटलं ना.” जरा खेकसूनच म्हटलं. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

आता नववीत काय काय होऊ लागलं ते सांगते. फळ्याला कुणीतरी मेणबत्ती घासून ठेवायचं, मग खडू उठायचा नाही. सर फळ्याकडं वळले की तोंड मिटून एका सुरात गुणगुण, कोण करतंय ते सापडायचं नाही. कंपासपेट्या एकेक करून खाली पडायच्या, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. हजेरीला एकाच्या नावाला दुसराच ‘यस सर’ म्हणायचा. हे सगळं पोरं सगळीकडं करतात, मीही माझ्या काळी थोडंफार केलंय. पण या सगळ्यावर एक नवीन गोष्ट होती. सर ‘चालु’ म्हणाले की अर्धा वर्ग बाकं बडवायचा. जितक्या वेळा चालु, तितका जोर जास्त. सर जितके थांबा म्हणायचे तितकं वर्गाला फावायचं. कुणी पकडलं तर पोरं साळसूदपणे हिंदीत सांगायची, “सर, आपनेच तो बोले.” सरांना काही कळायचं नाही. ते लालबुंद व्हायचे आणि पुन्हा तोच शब्द म्हणायचे.

आणि या सगळ्याची म्होरकी ती. उभी राहून, पुस्तक समोर धरून, सर थांबवतील तितकं मोठ्यानं वाचणारी. तिचा तो सुंदर आवाज व्हरांड्याच्या पार टोकाला माझ्या वर्गात ऐकू यायचा. मला कळायचं काय चाललंय ते. पहिल्या काही वेळा तर, सांगायला लाज वाटते, मला गंमत वाटली. शिकव म्हटलं त्याला, चांगला धडा शिकव.

ऑगस्टमध्ये आम्हाला आदिलाबादला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता वर्गात गोंधळ घालणारी मुलं. पडद्यावर चित्रं दाखवली, दुपारी समोसे दिले, शेवटी एक फॉर्म भरायला दिला. तुमच्या वर्गातल्या एका त्रासदायक विद्यार्थ्याचं कारण निवडा: घरची परिस्थिती, मोबाइल, वाईट संगत, अभ्यासात कच्चा, इतर. मी तिलाच डोळ्यांपुढं ठेवून ‘घरची परिस्थिती’वर खूण केली. तिच्या घरी मी तोवर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. ‘इतर’च्या पुढं दोन ओळी कोऱ्या होत्या. त्या कोऱ्याच ठेवून मी फॉर्म दिला आणि बस पकडली.

नोव्हेंबरात प्रकरण माझ्या अंगाशी येऊ लागलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, तुमचा वर्ग, तुमची मुलं, तुमच्या भाषेतली, आवरा त्यांना. झालं. माझं डोकं पुन्हा सणकलं, पण या वेळी राग काढला तिच्यावर. मधल्या सुट्टीत तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि दंड धरून विचारलं, “काऊन करतेस हे? अक्कल गहाण ठेवली काय? बाप काय म्हणून सोडून गेला इथं?”

ती दंड सोडवून घ्यायची धडपड करत नव्हती. म्हणाली, “वाचली तं बाहीर काढलं, मॅडम. वाचाचंच येते मले. दुसरं काई येत नाई. गनित इंग्रजीत कळत नाई, तेलुगू वाचता येत नाई. गावात मी पह्यली होती. इथं मले कोनी वळखत नाई. आता बोंबलते तं सारे वळखतेत.”

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. प्रशिक्षणाचा पूर्ण दिवस एका बाजूला आणि हे चार शब्द एका बाजूला. मी तिचा दंड सोडला. पण तिच्या डोळ्यांत मला दुसरंच दिसलं. तिनं तोंडानं म्हटलं नाही, मॅडम, तुमी सांगते म्हनल्या होत्या. म्हणाली असती तर मी कदाचित तिथंच शरमेनं सरळ झाले असते. ती म्हणाली नाही आणि मी शिक्षिकेसारखं बोलले, “हे सगळं बंद कर. पुढच्या वर्षी दहावी आहे.” ती हो म्हणून गेली.

त्याच दिवशी सरांना सांगता आलं असतं. पण आता चार महिने झाले होते. आता सांगितलं तर ते पहिलाच प्रश्न विचारणार, इतके दिवस का नाही सांगितलं? जुलैत एका मिनिटाचं असलेलं काम नोव्हेंबरात माझ्यानं उचलेना.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक अधिकारी तपासणीला आले. नेमके गणिताच्या तासाला नववीत जाऊन मागच्या बाकावर बसले. सरांनी त्या धड्याची आठवडाभर तयारी केली होती. पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून आणले होते, वेगवेगळ्या रंगांचे. एका मुलानं उत्तर सांगितलं, लांबतच चाललं, तसे सर सवयीनं म्हणाले, “चालु.” आणि ती उठली. पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. धडाही तो नव्हता. मागोमाग बाकं सुरू झाली. सर म्हणत होते, चालु, चालु, आणि त्यांचा आवाज बाकांखाली बुडून गेला. मी माझ्या वर्गातून धावत गेले तेव्हा अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते आणि सर टेबलावरचे त्रिकोण गोळा करत होते. एक त्रिकोण खाली पडला होता, तो त्यांना दिसत नव्हता.

अधिकारी गेल्यावर सर व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. मी जवळून गेले तर म्हणाले, “मॅडम, मैंने इन बच्चों का क्या बिगाडा?” एवढा मोठा माणूस, रडायचा बाकी होता. मला त्याची दया आली आणि पहिल्यांदाच स्वतःची किळस आली. मी म्हटलं, “जाने दो सर, बच्चे हैं.”

मुख्याध्यापकांनी ठरवलं, मुलीला टीसी द्यायची. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बापानं तिला हवं तिथं घालावं. हवं तिथं म्हणजे कुठं, हे मला माहीत होतं. कापूस वेचणीचे दिवस होते. एकदा ती घरी बसली की आधी शेतात जाईल आणि उन्हाळ्यात यवतमाळच्या बाजूचं कुणीतरी बघायला येईल. तिची आई वाटच बघत होती. चौदाव्या वर्षी त्या पोरीची शाळा संपणार होती.

दुसऱ्या दिवशी क्लार्कनं दाखला भरून माझ्याकडं आणला. नाव, जन्मतारीख, इयत्ता सगळं लिहिलेलं. वर्तणुकीचा रकाना रिकामा होता. “मॅडम, ये आप भर दो,” तो म्हणाला, “क्लास टीचर को पूछ के लिखना पडता.” मी पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. म्हटलं, मुख्याध्यापकांच्या खोलीतच भरते.

खोलीत आम्ही पाच जण होतो. मुख्याध्यापक, गणिताचे सर, बाप, मुलगी आणि मी. बापाला खुर्ची दिली तरी तो बसला नाही. तोच पांढरा शर्ट घातला होता. मुख्याध्यापक आधी तेलुगूत आणि मग हिंदीत बोलले. अधिकाऱ्यापुढं शाळेची अब्रू गेली, या सरांची नोकरी अजून कायम झालेली नाही, त्यांच्या कागदावर शेरा पडला, मुलगी ऐकण्यातली नाही. बाप सगळं ऐकत होता. मुलीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. सगळं झाल्यावर माझ्याकडं वळला.

“मॅडम, मले त्यायचं सारं कळत नाई. तुमी सांगा. तुमी म्हनल्या घेऊन जा, तं आत्ता घेऊन जातो. तुमी म्हनल्या ठेवा, तं पाया पडतो सायेबाच्या. तुमी म्हनसान तसं.”

टेबलावर दाखला पडला होता आणि शेजारी शिक्का. मी बोलायला सुरुवात केली आणि एकदा सुरू झाल्यावर थांबले नाही. सरांना हिंदीत सांगितलं, सर, तुमच्या भाषेत चालु म्हणजे पुरे, आमच्या भाषेत चालू म्हणजे होऊ द्या. पहिल्या दिवशी या पोरीनं तुमची चेष्टा केलीच नव्हती. तुम्ही सांगितलं तेच ती करत होती, तिला समजलं तसं. तुम्ही तिला बाहेर काढलं आणि का काढलं ते तिला कळलं नाही. नंतर तिनं जे केलं ते मुद्दाम केलं, ते चूकच आहे. पण सुरुवात तिथून झाली.

मुख्याध्यापक आधी हसले. मग सरांचं तोंड पाहून हसायचे थांबले. सरांनी दाखल्यावरचं तिचं नाव वाचलं. त्यांच्या डोक्यात तो जुलैचा तास पुन्हा घडत असावा. मग त्यांनी मान वर केली आणि साधाच प्रश्न विचारला, “मॅडम, आपको ये कब पता चला?”

प्रश्न यायचाच होता. मला माहीत होतं तो येणार. उत्तरही एकच होतं. बाप माझ्याकडं बघत होता, मुलगी माझ्याकडं बघत होती. आणि मी म्हटलं, “आज सुबह ही, सर. बच्चे आपस में बात कर रहे थे, तब समझ में आया.”

बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. इतकी वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, त्यात स्वतःच ते किती सफाईनं बोलायला शिकले होते मी. खोलीत खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. मी तिच्याकडं पाहिलं. वाटलं, आता ही बोलणार. बोलायलाच हवं होतं तिनं. पहिल्याच दिवशी मॅडमला सांगितलं होतं, तीनदा सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी तिच्यावरचा अर्धा दोष उतरला असता. वर्गात एवढी बोंबलणारी पोर. तिनं ओठ घट्ट मिटले आणि खाली फरशीकडं पाहिलं.

सर उठले. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले. “सॉरी अम्मा,” म्हणाले, “मेरे को मालूम नहीं था. मेरी भी गलती है.” मग मुख्याध्यापकांना तेलुगूत म्हणाले की दाखला देऊ नका, मी सांभाळून घेतो. ज्या माणसानं काही केलं नव्हतं तो एका मुलीपुढं मान खाली घालून उभा होता आणि मी खुर्चीत बसून होते. मुलीनंही अधिकाऱ्याच्या दिवसाबद्दल माफी मागितली, या सहा महिन्यांत ऐकून शिकलेल्या तेलुगूत, एकही शब्द न चुकता. मुख्याध्यापकांनी दोघांकडं पाहिलं, दाखला उचलला आणि चार तुकडे करून टोपलीत टाकला. पुन्हा असं झालं तर विचारणार नाही, असं मात्र बजावलं.

बाप माझ्यापुढं येऊन हात जोडून उभा राहिला. “मॅडम, तुमी नसत्या तं काय झालं असतं?” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. कुणी माझ्या मुस्कटात मारली असती तर एवढं लागलं नसतं. मी म्हटलं, “जा, पोरीला वर्गात जाऊ द्या,” आणि त्याच्याकडं पाहू शकले नाही.

तो फाटकाशी लावलेली सायकल घ्यायला गेला. ती वर्गाकडं निघाली. मी मागून तिला हाक मारली. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

“तू काऊन नाही बोललीस?” मी विचारलं.

“काय बोलू?”

“मला जुलैपासून माहीत होतं म्हणून. तूच सांगितलं होतं मला. मी आत खोटं बोलले.”

ती फाटकाकडं बघत होती. बाप सायकलचं कुलूप उघडत होता.

“बाबा होते ना तिथं.”

“बाबांची भीती वाटली?”

“नाई.” ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, “बाबा मले कोनाच्या भरोशावर शाळेत पाठोते, मॅडम? तुमच्याच ना. तुमीच खोट्या निघाल्या असत्या, तं त्यायनं मले आजच घरी नेलं असतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. एवढं सांगून ती वर्गात गेली. सरांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.